धन्यांसाठीचे वचनही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परिचारिका दिनानिमित्त आपल्या १२ मेच्या अंकात आलेला, ख्रिस्ती परिचारिकांच्या सेवाभावाचा गौरव करणारा लेख वाचला. लेखकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि आमच्याविषयी कोणी चार चांगले शब्द लिहिले तर ते कोणाला नको असतात? परंतु मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत वॉर्ड सांभाळलेली आणि दर रविवारी उपासनेला जाणारी बाई म्हणून, तो लेख वाचून माझा संताप झाला, हे कळवणे भाग आहे.

माया, हसतमुख चेहरा आणि ओठांवर प्रार्थना एवढ्यात लेखकांनी आमचे काम उरकले आहे. श्रद्धा असली की काम आपोआप उत्तम होते, असा त्यांचा समज दिसतो. मी नवीन स्टाफ नर्स असताना आमच्या वॉर्डात एक अत्यंत भाविक मुलगी होती. ती प्रत्येक खाटेपाशी थांबून रुग्णाचा हात हातात घेई आणि डोळे मिटून प्रार्थना करी; नातेवाईक तिच्यावर इतके खूश, की सिस्टर असावी तर अशी, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिच्याच रात्रपाळीनंतर, कमरेखाली हालचाल नसलेल्या एका आजोबांना आमच्या सिस्टर-इन्चार्जनी सकाळी ओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून रुग्णांचा ताबा, घेताना कुशीवर वळवले, तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा होता आणि बोटाने दाबूनही तो फिका पडत नव्हता; म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची ती सुरुवात होती. टाचा गादीवर टेकलेल्या होत्या, पाठीखालच्या चादरीला चुण्या होत्या, आणि चार्टवर मात्र दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी सुबक अक्षरांत होत्या. सिस्टर मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या आणि बायबल वाचल्याशिवाय ड्युटीवर न येणाऱ्या. त्या तिला म्हणाल्या, "पोरी, देवाशी बोलायला तुला घर आहे, चर्च आहे. इथं आधी टाच बघायची, मग माकडहाड, मग कोपर. आणि जे केलं नाहीस ते लिहायचं नाही." यावर नातेवाइकांनी लेखी तक्रार केली, ती सिस्टरांविरुद्ध! एवढ्या प्रेमळ मुलीला बोलतात म्हणून. आपले लेखक त्या दिवशी वॉर्डात आले असते, तर दोघींपैकी कोणाचे छायाचित्र छापून आले असते, हे सांगायला नको.

लेखात आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा, रात्री जखमी सैनिकांपाशी फिरतानाचा तो दिवा अर्थातच आहे. देवाने आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावले, अशी नोंद बाईंनी १८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी केली, हे खरे आहे. पण त्या बोलावण्याला त्यांनी जे उत्तर दिले त्यात आकडेमोड फार होती. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी १८५८ साली आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले, आणि नंतर हिंदुस्थानातील छावण्यांच्या गटारांचा व पिण्याच्या पाण्याचा पिच्छा पुरवला. गटारांचा हिशेब मागणारी भाविक बाई लेखाला शोभली नसती, म्हणून दिवा.

शेवटी लेखकांनी बायबलमधील कलस्सैकरांस पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे तेविसावे वचन दिले आहे, की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे वचन मलाही प्रिय आहे आणि त्याच्या बळावर मी कित्येक रात्रपाळ्या काढल्या आहेत. मात्र ते मुळात दासांना उद्देशून आहे, आणि लगेच पुढे, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, धन्यांना बजावले आहे की दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुम्हांलाही स्वर्गात धनी आहे. आमच्या सत्कार समारंभांना आलेल्या पाहुण्यांना पहिले वचन तोंडपाठ असे. दुसरे एकानेही म्हणून दाखवल्याचे मला स्मरत नाही. एका पाहुण्यांनी तर, तुमचा पगार वर जमा होतो, असे सांगून टाळ्याही घेतल्या. त्या महिन्यात आमच्या वॉर्डात हातमोजे पुरत नव्हते.

शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड आहे. प्रत्यक्षात आम्ही रात्रपाळीला चाळीस खाटांना दोघी असू. त्यांतले बाराच रुग्ण अंथरुणाला खिळलेले धरले आणि दोघींनी मिळून एकेकाला वळवून, पाठ पुसून, चादर ताणायला दहा मिनिटे धरली, तर शेवटच्या रुग्णापर्यंत पोचेतो दोन तास संपतात आणि पहिल्याची कूस बदलायची वेळ पुन्हा येते. मग इंजेक्शने, सलाइन आणि मध्यरात्री येणारा नवा रुग्ण कोणी बघायचा? जिवेभावे काम करण्याची आमची तयारी होती, आजच्या मुलींचीही आहे. तिसरी नर्स नेमणे हे मात्र प्रार्थनेचे नव्हे, प्रशासनाचे काम आहे.

जाता जाता एक. गेल्या वर्षी याच सुमारास मी आपल्याला पत्र पाठवले होते. आपण ते 'सिस्टरच्या आठवणी' या गोड मथळ्याखाली निम्मे छापलेत आणि रात्रपाळीच्या मनुष्यबळाचा भाग नेमका गाळलात. या वेळी जागा अपुरी पडल्यास नाइटिंगेलबाईंचा परिच्छेद खुशाल काढावा, चाळीस खाटा आणि दोन परिचारिका हे वाक्य मात्र ठेवावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक निवृत्त सिस्टर-इन्चार्ज,
परळ, मुंबई