चिऊच्या वर्गात कंदील करायला जाताना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वर्गात येऊन मुलांकडून एखादी कागदाची वस्तू करून घ्यायला तुम्ही चिऊच्या बाईंना होकार कळवलात, फार बरं वाटलं. २८ मुलं, वय ६ ते ७ आणि हाताशी ४० मिनिटं, एवढं नक्की आहे. काय करून घ्यायचं हे आई फोनवर विचारत होती, पण मापं फोनवर सांगून लक्षात राहत नाहीत. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. वर्गात कात्री आणि गोंद मुलांच्या हातात असायला हवा, आपल्या नाही. मोठ्यांचं काम आदल्या रात्री संपलं पाहिजे. अशा तासांना बहुतेक वेळा होतं काय, की वस्तू फार अवघड निवडलेली असते. मग दहा मुलं हात वर करून बसतात, आणि मोठी माणसं टेबलाटेबलावर जाऊन त्यांच्या वस्तू पुऱ्या करून देतात. वस्तू छान दिसते, पण ती मुलाची नसते, आणि हे मुलाला बरोबर कळतं. म्हणून मी असा कंदील सुचवते, ज्यात मुलाला अडणाऱ्या जागा दोन-तीनच आहेत आणि त्या आपल्याला आधीच ठाऊक आहेत.

आईच्या मनात घड्या घालून कातरायचं सहा पाकळ्यांचं फूल होतं. ते या वयाला नको. त्यात कागदाचे १२ थर एकावर एक येतात आणि बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने ते कापत नाहीत. थर आतल्या आत सरकतात, मूल जोर लावतं आणि मधलं टोकच उडतं. कंदिलात जास्तीत जास्त दोन थर कापायचे आहेत.

आता सामान. प्रत्येक कंदिलाला ए-फोर मापाचे दोन कागद लागतील, म्हणजे २१ बाय २९.७ सेंमी. बाहेरचा कागद जाडसर हवा, १२० ते १६० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). साधा ८० जीएसएमचा घेतला तर पट्ट्या लोंबतात. २०० च्या पुढचा घेतला तर दुहेरी घडी मुलांच्याने कापवत नाही आणि घडीवर कागदाला तडे जातात. आतला कागद मात्र साधा ८० जीएसएमचाच घ्या, रंग बाहेरच्यापेक्षा अगदी वेगळा. पट्ट्यांच्या फटींतून तोच दिसतो, कंदिलाची सगळी शोभा त्यावर आहे. २८ मुलांसाठी ३४ संच करा. दोन नमुन्यांना जातील, बाकीचे चार चुकलेल्यांना लागतातच.

आदल्या रात्री करायचं काम असं. बाहेरचा कागद आडवा धरून आखूड बाजूने २ सेंमीची पट्टी कापून घ्या. ही २१ सेंमी लांबीची पट्टी म्हणजे कंदिलाची कडी. उरला २७.७ बाय २१ सेंमीचा कागद. तो लांबीत दुमडला की १०.५ सेंमी रुंदीची घडी होते. घडीच्या एका बाजूवर, मोकळ्या कडेपासून २.५ सेंमीवर, रंगीत स्केचपेनने ठळक रेघ मारा. ही थांबायची रेघ. मग दुमडलेल्या कडेपासून या रेघेपर्यंत दर २ सेंमीवर पेन्सिलीने उभ्या रेघा आखा. त्या १३ होतात, आणि शेवटची पट्टी १.७ सेंमीची उरते. ती तशीच असू दे. बाबा, जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर दर २ सेंमीला खाच करून घेतलीत तर ३४ कागद आखायला फार वेळ लागणार नाही. आखून झाल्यावर घडी पुन्हा उघडून ठेवा, दुमडायचं काम मुलांनाच करू द्या. पण उघडताना उलटी होणार नाही एवढं बघा. रेघा बाहेरच्या अंगावर राहिल्या पाहिजेत. घडी उलटी पडली तर पट्ट्या फुगण्याऐवजी आत ओढल्या जातात. थांबायची रेघ रंगीत काढायची तीही याचसाठी: ती पुढे दिसणारच आहे, तर काठाची नक्षी म्हणून शोभू दे.

आतल्या कागदाची उंची २१ वरून १७ सेंमी करा, लांबी पूर्ण २९.७ च ठेवा. बाहेरच्यापेक्षा तो २ सेंमी लांब राहतो, तीच चिकटवायची जागा. एकेका मुलाचा संच, म्हणजे दोन कागद आणि कडी, एकेका पाकिटात भरा. वर्गात कागद वाटण्यात दहा मिनिटं सहज जातात.

आता वर्गातलं. पाकीट उघडलं की पहिलं काम नाव लिहायचं, आतल्या कागदाच्या मागच्या बाजूला. शेवटी नाव लिहायला सांगितलं तर गोल कागदावर लिहिता येत नाही, आणि २८ सारख्या कंदिलांमधून आपला कुठला यावरून रडारड होते.

मग घडी. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, एका हाताने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट मधून कडेकडे फिरवायचं. कडेकडून सुरुवात केली की घडी तिरकी होते.

मग कापणं. इथे तुम्हा दोघांचं सगळं लक्ष हवं. दर वर्गात चार-पाच मुलं मोकळ्या कडेकडून कापायला लागतात आणि कंदिलाच्या सुट्ट्या पट्ट्या होतात. म्हणून कात्री वाटण्याआधी सगळ्यांना बंद कडेवरून बोट फिरवायला सांगा, "कात्री इथून आत शिरणार." मग रंगीत रेघेवर बोट ठेवायला सांगा, "आणि इथे थांबणार." दोन्ही बोटं बरोबर जागी दिसली की मगच कात्र्या द्या. कापताना अंगठा वर असावा, आणि कागद धरलेल्या हाताने कागद पुढे न्यावा. मनगट वाकडं करून कापणाऱ्या मुलाला एवढंच सांगितलं तरी रेघ सरळ येते. एखादी पट्टी पार कापली गेलीच तर मागून कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. आतला कागद लागला की तो दिसत नाही. असे १५-२० तुकडे आधीच कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवा.

डावखुऱ्या मुलांचं बाईंना आधी विचारून घ्या. साधारण दहात एक माणूस डावखुरा असतो, म्हणजे या वर्गात दोन-तीन तरी असतील. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की बोटांच्या दाबाने पाती एकमेकींपासून दूर जातात, कागद कापण्याऐवजी मध्ये दुमडतो, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. पाती उलटी बसवलेली असतात. अशा तीन आणल्या की पुरे.

कापून झालं की घडी उघडायची आणि कागद सपाट असतानाच त्यावर रंगकाम करायचं. पट्ट्या फुगल्यावर त्यांवर काही काढता येत नाही. आणखी एक फायदा आहे. भरभर कापणारी मुलं इथे मनसोक्त रंगवत बसतात, सावकाश कापणारी एक-दोन ठिपके काढून पुढे जातात, आणि सगळा वर्ग चिकटवायला साधारण एकदम येतो. सुटी चमकी आणू नका. ती बोटांवरून डोळ्यांत जाते आणि फरशीच्या फटींतून आठवडाभर निघत नाही.

चिकटवणं टेबलावर सपाटच करायचं. आतला कागद पसरायचा. बाहेरच्या कागदाच्या वरच्या काठाला आतून गोंद लावून तो आतल्या कागदाच्या वरच्या कडेला जुळवायचा, डावीकडची टोकंही जुळवून. उजवीकडे आतल्या कागदाची २ सेंमी मोकळी राहील. मग खालचा काठ वर सरकवत आतल्या कागदाच्या खालच्या कडेपर्यंत आणायचा आणि चिकटवायचा. पट्ट्या छपरासारख्या उभ्या राहतात. बाहेरचा कागद २१, आतला १७. जास्तीच्या या ४ सेंमीमुळेच कंदील फुगतो. कुणाचा चपटा राहिला तर खालचा काठ पुरता वर आलेला नाही, एवढंच तपासा.

गोंद कांडीचा घ्या, दोन मुलांत एक कांडी. पातळ पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्याने आतला पातळ कागद सुरकुततो आणि वाळायला वेळ लागतो. कांडीचा गोंद लावल्यावर २० आकडे मोठ्याने मोजत दाबून धरायला लावा. मुलांना मोजायला आवडतं आणि जोड खरोखर पक्का होतो.

शेवटी गुंडाळी. मोकळ्या २ सेंमीवर गोंद लावून ती दुसऱ्या टोकाखाली सरकवायची. साधारण ९ सेंमी व्यासाचा कंदील उभा राहतो. इथे जोड उघडण्याचा संभव सगळ्यात जास्त, कारण जाड कागद सरळ व्हायला बघतो. म्हणून गुंडाळायच्या आधी कागद बाटलीभोवती हलकेच वळवून घ्यायला सांगा, आणि जोडावर वर-खाली एकेक कागदाची क्लिप लावायला सांगा.

पुढचं काम बाबांचं. एका कोपऱ्यात स्टेपलरचं टेबल मांडा. मुलं क्लिप लावलेला कंदील आणि कडी घेऊन तुमच्याकडे येतील. जोडाला वर एक, खाली एक, आणि कडीच्या दोन टोकांना एकेक, अशा एका कंदिलाला चार पिना. कडी नुसत्या गोंदावर टिकत नाही, कंदील उचलला की सुटते. सगळे मिळून ११२ पिना होतात, तेव्हा जास्तीची डबी खिशात असू दे. पिनेची टोकं आतल्या बाजूला येतील तिथे चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटं ओरबाडतात. स्टेपलर मुलांच्या हातात देऊ नका. गरम गोंदाची बंदूक तर वर्गात नकोच. थंड समजली जाणारीही कातडी भाजेल इतकी तापते.

आत दिवा ठेवायचा का, असं बाबा म्हणाले होते. ज्योत अर्थातच नाही. एलईडीचे छोटे दिवेसुद्धा मी टाळेन. त्यांत बटणाएवढी बॅटरी असते आणि स्वस्त दिव्यांचं झाकण स्क्रूविना नखानेही उघडतं. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. वर्गातल्या मुलांच्या घरी त्यांची लहान भावंडंही असतात. कंदील खिडकीत टांगला तरी उजेडात आतला रंग सुंदर दिसतो.

वेळेचा अंदाज असा: नाव आणि घडी ५ मिनिटं, कापणं १२, रंग ८, चिकटवणं आणि गुंडाळणं १०, आवरणं ५. उशीर झाला तर रंगातली मिनिटं कमी करा, आवरण्यातली नको. पुढचा तास बाईंचा असतो. प्रत्येक टेबलावर कपट्यांसाठी एक खोकं आणि एक ओलं फडकं ठेवा.

आई, करून दाखवायला मोठा कागद घे, मागच्या बाकावरून दिसला पाहिजे. एका वेळी एकच पायरी दाखव, सगळा वर्ग तिथवर आला की पुढची. टेबलाटेबलावरून फिरताना तुझा नमुना हातात असू दे. कुणी अडलं तर आपल्या कागदावर करून दाखव, त्याच्या कागदाला हात लावू नकोस. हे अवघड जातं, ठाऊक आहे मला. वाकड्या पट्ट्या दिसल्या की बोटं शिवशिवतात. पण वाकड्या पट्ट्यांचा कंदीलही फुगतो आणि टांगता येतो.

बोलताना "आई-बाबांना द्या" असं म्हणू नका, "घरच्यांना दाखवा" म्हणा. प्रत्येकाच्या घरी आई-बाबा दोघं असतीलच असं नाही. सणही सगळ्यांकडे एकच नसतो. म्हणून तर कंदील निवडला, तो कुठल्याही सणाला चालतो. फोटो काढायचे तर बाईंना विचारून आणि फक्त चिऊचे. चिऊ तुम्हाला बिलगून बसेल, म्हणून तिला पाकिटं वाटायचं काम द्या आणि तिच्या टेबलावर आईने सगळ्यात शेवटी जावं.

वर्गातल्या खुर्च्या फार बुटक्या असतात. बाबांच्या गुडघ्यांना त्या झेपणार नाहीत, म्हणून दोन मोठ्या खुर्च्या ठेवायला मी बाईंना कळवते. गोंगाट वाढला तर आवाज चढवू नका. मुलांना शांत करायची बाईंची एखादी ठरलेली खूण असेल, ती आधीच विचारून ठेवा.

आता एकच करा. या मापांचा एक कंदील घरी दोघांनी मिळून करून बघा, मुलांचीच कात्री वापरून. घडी कापायला जड गेली तर मला लगेच सांगा, कागद बदलून हलका पाठवते. बाहेरच्या आणि आतल्या कागदाचे रंगही तेव्हाच कळवा.

तुमची,
लेक