पंधराव्या रेघेवरची ठमी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा आई फोनवर "पोरगी अंग धरत नाही, वरचं दूध चालू कर" म्हणाली आणि मी फोन ठेवून दिला. चुकलंच माझं. पण बोलायला गेले की मी भांडते, म्हणून लिहिते आहे. बाबा, नेहमीसारखं आईला वाचून दाखवा. मधले परिच्छेद गाळू नका.

आधी तुमचं. ठमीच्या वजनाच्या कार्डाचा फोटो पाठवला त्यात '१५ पर्सेंटाइल' वाचून तुम्हाला सदूदादाच्या पोराची सीईटी आठवली असणार. त्याला ९२ आणि आमच्या ठमीला १५, म्हणजे नापास! तसं नसतं हो. तिच्या वयाच्या शंभर धडधाकट मुली वजनाप्रमाणे ओळीत लावल्या, तर हलक्या बाजूने मोजत ठमीचा नंबर पंधरावा येतो, एवढाच त्याचा अर्थ. कुणीतरी पंधरावी असणारच की. जन्मली तेव्हा २.८ किलो, दोन महिन्यांची झाली तेव्हा साडेचार, तिसऱ्याला ५.१. पहिल्यापासून कार्डावरच्या तक्त्यात हीच पंधराव्या नंबरची रेघ. बाळ कुठल्या रेघेवर आहे यापेक्षा आपली रेघ धरून चाललंय का, हे डॉक्टर बघतात. वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेरही बघतात. ती दोन रेघा ओलांडून खाली घसरली, तर तुमच्या आधी मीच पळेन.

आता घोळ कुठे झाला ते. चौथ्या महिन्यात वजन भरलं ५.८ आणि पाचव्यात ६ किलो. महिन्यात फक्त २०० ग्रॅम! दवाखान्यातल्या बाईंनी "दूध कमी पडतंय का?" असं विचारलं आणि माझे हातपाय गळाले. रात्री दोनला, ती पीत असताना आठवलं, की चौथ्या महिन्यात थंडी होती म्हणून तिला स्वेटरसकट काट्यावर ठेवलं होतं, आणि या वेळी उघडी. सकाळी तोच स्वेटर, झबलं, टोपडं आणि एक भरलेलं डायपर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. २४० ग्रॅम! म्हणजे खरी वाढ झाली ४४० ग्रॅमची. बाबा, बत्तीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर तुम्ही उसाची गाडी भरलेली तोलायचात आणि रिकामी झाल्यावर पुन्हा तोलायचात. तुमच्या मुलीला बैलगाडीचं वजन वजा करायचं सुचलं नाही!

आई, आता तुझ्यासाठी. खालच्या मजल्यावरचं बाळ गुटगुटीत आहे, ते डब्याच्या दुधावर आहे. अंगावरचं पिणारी बाळं पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतात, मग त्यांचा वेग डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमी होतो. ती त्यांची चालच आहे. ठमीचे दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात, माझा आवाज आला की मान वळवते, आणि पायांनी पांघरूण लाथाडून देते. उपाशी बाळाला हे जमेल का?

पूर्वी वजनाचे जे तक्ते जगभर चालायचे, ते १९७७ साली अमेरिकेत तयार झालेले. त्यातल्या तान्ह्या बाळांची वजनं ओहायो राज्यातल्या एका भागातली, आणि ती बाळं बहुतेक बाटलीवरची. त्या तक्त्यावर अंगावरच्या बाळाचं वजन मांडलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर रेघ खाली झुकलेली दिसायची. बाळ बरं असायचं, माप दुसऱ्याचं असायचं. मग जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ मध्ये ब्राझील, घाना, ओमान, नॉर्वे, अमेरिका आणि आपल्या दक्षिण दिल्लीतली मिळून सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. तान्ही बाळं निवडली ती आईच्या दुधावर वाढणारी. गंमत म्हणजे सहाही ठिकाणच्या मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढली. ते तक्ते २००६ साली आले आणि २००९ पासून आपल्या अंगणवाडीतही तेच आहेत. ठमीच्या कार्डावरची रेघ त्यातलीच.

हे सगळं वाचताना मला तूच दिसत होतीस. १९९१ साली मी चार महिन्यांची असताना तालुक्याच्या डॉक्टरांनी तक्त्यावर पेन्सिल टेकवून "दूध पुरत नाही" असं सांगितलं आणि डबा लिहून दिला, हे बाबांनी मला मागे सांगितलं होतं. डबा आला, मी अंगावर कमी ओढू लागले, आणि बाळाने ओढलं नाही तर दूध आटतंच. तू अजून म्हणतेस, "माझंच कमी पडलं." आई, त्या काळच्या तक्त्यांवर माझी रेघ झुकायचीच होती. तू अळीव खाल्लेस, शतावरी घेतलीस, मावशीच्या सांगण्यावरून दृष्टही काढलीस. तुझं काय चुकलं?

पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला ठमीला सहा महिने पूर्ण होतात. दादा उष्टावणाला येतोय, तुम्ही दोघं दोन दिवस आधी या. सकाळी वजन करायला जाऊ. बाबांनी काटा शून्यावर आहे का ते बघायचं, आईने झबलं काढायचं. अळीव आणलेस तर लाडू इथेच वळू, गूळ आहे घरात.

तुमची,
मनी