सूचना : अंदाजवहीचा हिशेब, २०२४

सर्व सभासदांस,

रविवार, २९ डिसेंबर रोजी संध्याकाळी ५ वाजता देवळाच्या सभामंडपात जमायचे आहे. अंदाजवहीत, म्हणजे फुटबॉल सामन्यांच्या निकालांचे अंदाज लिहायच्या आपल्या वहीत, वर्षभर जमलेले गुण त्या दिवशी पक्के होतील.

मुख्य वाद कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा. १५ जुलैला मध्यरात्री युरो या युरोपच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत स्पेनने इंग्लंडला २-१ हरवले, ते पाहून आपण न झोपता पहाटे साडेपाचला कोपासाठी पुन्हा टीव्हीसमोर बसलो. मायामीत फाटकावरच्या गर्दीमुळे सामना तासाभराहून अधिक उशिरा सुरू झाला. (कितीजणांची फोंड्याची बस चुकली ते विचारू नका.) ९० मिनिटांत ०-० आणि मग जादा वेळेत ११२व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या लाउतारो मार्टिनेझचा गोल. 'बरोबरी' लिहिणारे आता गुण मागताहेत. वहीच्या पहिल्या पानावर 'अंतिम निकाल' असे स्पष्ट लिहिले आहे. माझ्या मते गुण देऊ नयेत, तरी मतदान घेऊ.

आयव्हरी कोस्टवर कोणीच पैज लावली नव्हती. घरच्या मैदानावर इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ हरलेला, मध्येच प्रशिक्षक बदललेला संघ आफ्रिकेचा विजेता होईल असे कोणाला वाटणार! ते गुण कोणालाच नाहीत. लेव्हरकुसेन हा संघ जर्मनीची बुंडेसलीगा एकही सामना न हरता जिंकेल, असे लिहिणारा मात्र आपल्यात एकजण आहे. त्याला पहिला चहा.

पातळभाजी-पावासाठी प्रत्येकी ५० रुपये शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावेत. ज्यांची जुनी बाकी आहे त्यांनी ती आधी भरावी.

— चिटणीस