लाख की स्प्रे? वस्तूसोबत चिठ्ठी द्या

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत मुंबई, पुणे, नाशिककडची कितीतरी कुटुंबे एकतानगरचा सरदार पटेलांचा पुतळा पाहून परतताना वडोदऱ्यात थांबतात. लक्ष्मीविलास राजवाडा पाहून झालेला असतो, मुले कंटाळलेली असतात, गाडीला दोन तास उरलेले असतात आणि घरच्यांसाठी, शेजारच्यांसाठी काहीतरी न्यायचे राहिलेले असते. त्या दोन तासांत बहुतेकांच्या पिशवीत पडतो तो फ्रिजला चिकटवायचा मॅग्नेट, रेझिनचा हत्ती किंवा गावाचे नाव छापलेला मग. त्याच दुकानाच्या खालच्या फळीवर संखेड्याचा कुंकवाचा करंडा असतो, खंभातच्या अकिकाची, म्हणजे अ‍ॅगेट खड्यांची, माळ असते, राठवा आदिवासींच्या पिठोरा चित्रातले घोडे असतात. पण वस्तू कशाची आहे, कुठे घडली हे सांगणारी साधी चिठ्ठीही त्यांच्याजवळ नसते. पाकीटबंद मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव छापावे लागते. सुट्या लाकडी करंड्यावर तशी सक्ती नाही. त्यामुळे अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हे ठरते ते विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर. माझे म्हणणे एवढेच आहे, की दुकानदारांनी ही चिठ्ठी आपणहून द्यावी आणि ती मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने वस्तू नीट पाहायला शिकावे.

संखेडा वडोदऱ्यापासून पन्नासएक किलोमीटरवर, डभोईच्या पुढे, ओरसंग नदीकाठी आहे. २०१३ साली वेगळ्या झालेल्या छोटा उदेपूर जिल्ह्यात ते मोडते. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागवान लेथवर, म्हणजे त्यांच्या संघाड्यावर, कातून घासतात आणि त्यावर रंगाचा हात देतात, बहुधा मरून किंवा शेंदरी. मग कथील सरसात कुटून-वाटून केलेल्या लगद्याने बारीक कुंचल्याने वेलबुट्टी काढतात. वाळल्यावर ही नक्षी राखाडी आणि निस्तेज दिसते. अकिकाच्या दगडाने घोटली की ती चांदीसारखी उजळते. शेवटी तुकडा पुन्हा संघाड्यावर फिरवत त्यावर लाखेची, म्हणजे किड्यांपासून मिळणाऱ्या राळेची, कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि वरून केवड्याचे पान धरून ती एकसारखी करतात. लाखेच्या पिवळसर, पातळ थराखालून दिसणारे कथील सोन्यासारखे भासते. संखेड्याच्या त्या झळाळीत सोन्याचा कण नसतो आणि सोनेरी रंगही नसतो, आणि म्हणूनच ती अशी सुंदर दिसते.

बाजारात बरेचदा मिळते ते वेगळे असते: सोनेरी पावडरीच्या रंगाने काढलेली फुले आणि त्यावर स्प्रेने मारलेले केमिकल लॅकर. ही वस्तू वाईट असते असे नाही. चहाच्या ट्रेला किंवा कोस्टरला तीच बरी, कारण लाख गरम कपाखाली टिकत नाही. फक्त ती तिच्या नावाने आणि तिच्या भावाने विकावी.

फरक ओळखायचा तर वस्तू खिडकीपाशी न्या आणि हातात हळूहळू कलती करा. लाखेखालचे सोने कोनागणिक बदलते, कुठे तांबूस तर कुठे चांदीकडे झुकलेले; नक्षी थोडी आत, खोलवर असल्यासारखी दिसते. पावडरीचे सोने कुठूनही पाहिले तरी तसेच राहते आणि पृष्ठभागावर बसलेले दिसते. सपाट फळीपेक्षा गोल पाया किंवा मूठ तपासा, कारण संघाड्यावरची लाख गोल भागावरच नीट चढते. कातीव खाचांत रंग ओघळून जमला असेल तर तो बहुधा स्प्रे. पायाचा तळ उघडा असतो, तिथे लाकडाचे रेषे पाहून घ्या. करंड्याचे झाकण फिरवून पाहा आणि ते घट्ट बसणारे मुळीच घेऊ नका. वडोदऱ्याच्या कोरड्या हवेत घट्ट बसलेले झाकण रत्नागिरीच्या पावसाळ्यात लाकूड फुगून अडकते आणि मग ओढाओढीत लाखेचा टवका उडतो. झाकणाला नखभर ढिलाई हवीच.

दुकानात थेट विचारायलाही लाजू नये. “भाई, आ लाख छे के स्प्रे?” एवढे गुजराती पुरते. माहीतगार दुकानदार खरे सांगतो, आणि असे विचारणाऱ्याला कित्येकदा आतला चांगला नग काढून दाखवतो.

नेताना होणारे नुकसान सगळ्यात जास्त, आणि ते निव्वळ अज्ञानाने होते. लाख साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ होऊन वितळते. मे महिन्यात बंद मोटारीच्या मागच्या काचेखाली ठेवलेली वस्तू त्या तापमानाच्या जवळ जाऊ शकते. दुकानदाराने थेट बबल रॅप गुंडाळले असेल तर त्याचे गोल ठसे लाखेवर उमटतात. वर्तमानपत्राची शाई तर कायमची चिकटते. आधी जुने मलमलचे किंवा सुती कापड, मग बबल रॅप, मग खोके, हाच क्रम ठेवावा. घरी आल्यावर सॅनिटायझर आणि अत्तराचे फवारे दूर ठेवा: लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि पुसायला घेतलेला बोळा चिकट होतो. कोरडे मऊ फडके पुरेसे आहे. खऱ्या लाखेचा एक मोठा फायदा म्हणजे जाणता कारागीर ती पुन्हा चढवून देऊ शकतो, म्हणून कारागिराचे गाव चिठ्ठीवर असणे महत्त्वाचे. परदेशातल्या लेकीसुनांना पाठवायचे असेल तर लाकडाला किडीची भोके नाहीत ना ते पाहा. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू कस्टमला जाहीर करावी लागते.

अकिकाकडे वळतो. त्याचे खडे भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातून निघतात आणि घडतात खंभातला. तांबडा अकिक भट्टीत भाजून लाल होतो, कारण उष्णतेने त्यातल्या लोहाच्या संयुगांचा रंग पालटतो. ही फसवणूक नव्हे, हडप्पाकाळापासून चालत आलेली रीत आहे. अशा मण्यांचा व्यापार मेसोपोटेमियापर्यंत होता. मात्र गडद निळा, राणी किंवा पोपटी अकिक दिसला तर तो रंगवलेला समजावा. अकिकाला बारीक छिद्रे असल्याने तो रंग पितो. नैसर्गिक खडा राखी, मधाळ, तपकिरी असतो आणि उजेडापुढे धरला की थरांचे पट्टे दिसतात. काच असेल तर भिंगातून आत गोल बुडबुडे दिसतात, आणि गालाला लावल्यास काच लवकर कोमट होते, खडा गार राहतो. माळ घेताना मण्यांच्या भोकांच्या कडा पाहा. धारदार असतील तर दोरा वर्षभरातच कापला जातो. दोन मण्यांमध्ये गाठ मारून ओवून मागा. आणि भावासाठी फार ताणू नये. खंभातच्या खडे घासणाऱ्या कामगारांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो, हे डॉक्टरांनी वारंवार नोंदवलेले आहे.

पिठोऱ्याबद्दल थोडेच, पण ते मला जास्त जिव्हाळ्याचे. राठवा समाजात नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर पिठोरा, म्हणजे त्यांच्या देवाचे चित्र, लिहितात. लिहिणारे लखारा वेगळे आणि विधी करणारा बडवा वेगळा. हे नुसते सजावटीचे चित्र नाही. कापडावर किंवा कागदावर चार घोडे काढून विकण्यात गैर काही नाही, त्यातून चित्रकाराला पैसे मिळतात. हाताने काढलेल्या चित्रात दोन घोडे कधी हुबेहूब सारखे नसतात. सारखे निघाले तर तो छाप आहे. पण हेच घोडे पायपुसण्यावर छापलेले दिसतात, ते दुकानदारांनी बंद करावे. आपण आपल्या देवाचे चित्र पायाखाली घालत नाही.

जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राजा रविवर्म्याची म्हणून दाखवलेली जुनी ‘प्रिंट’ दहापट भिंगाखाली धरा. ठिपक्यांची एकसारखी, यांत्रिक जाळी दिसली तर ती आजच्या छपाईची. दुसरे, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

सहलीचा दिवस आखताना एक सोय करता येईल. सोमवारी पुतळा आणि राजवाडा दोन्ही सहसा बंद असतात, म्हणून तो दिवस डभोईमार्गे संखेड्याला द्यावा. कारखान्यात संघाड्यावर लाख चढताना पाहिल्यावर दुकानातला नग ओळखायला पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही.

वडोदऱ्याच्या व्यापारी संघटनांना आणि पर्यटन खात्याला विनंती आहे, की पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी प्रत्येक नगासोबत सुरू करावी. लाकूड कोणते, लाख की केमिकल, खडा भाजलेला की रंगवलेला, कुठे घडला आणि तुटला तर कुठे दुरुस्त होईल, इतके त्यावर असावे. मजकूर गुजराती, हिंदी आणि मराठीत असला तर उत्तम. मराठी येणारे दांडिया बाजार, रावपुऱ्यात हवे तेवढे आहेत, ते भाषांतर आनंदाने करून देतील.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा