सोनेरी एल्मच्या नावाखाली ड्युरांटा पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: ‘गोल्डन एल्म व्रेडेई’ची चार रोपे. बदली रोपे नकोत, पैसे परत हवेत.

महोदय,

आमच्या सोसायटीच्या बागेसाठी आपल्याकडून ‘गोल्डन एल्म व्रेडेई’ची, म्हणजे सोनेरी पानांच्या विदेशी एल्म झाडाची, ४ रोपे प्रत्येकी १,४५० रुपयांना मागवली आणि ५,८०० रुपये आगाऊ भरले. आलेली चारही रोपे गोल्डन ड्युरांटाची आहेत. कुंपणासाठी हेच रोप इथल्या नर्सरीत २०-३० रुपयांना मिळते.

रोप लहान असताना फरक कळत नाही, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. स्पष्ट कळतो. एल्मची पाने फांदीवर एकाआड एक येतात. इथे प्रत्येक पेराला दोन पाने समोरासमोर आहेत. एल्मचे पान देठाशी तिरपे असते: एक बाजू देठाला जिथे टेकते, त्याच्या जरा वर दुसरी टेकते. कडेला मोठा दाता आणि त्यावर छोटा दाता, अशी दुहेरी करवत. आपण पाठवलेले पान देठाकडे दोन्ही बाजूंनी सारखेच निमुळते होते, आणि थोडेफार दाते आहेत ते शेंड्याकडच्या अर्ध्यात. शिवाय बी पेरून व्रेडेई तशीच सोनेरी निघत नाही, म्हणून ती सहसा कलम करूनच वाढवतात. पिशवीतली माती बाजूला करून मुळांपर्यंत पाहिले, एकाही खोडाला कलमाचा जोड नाही. फोटो सोबत आहेत.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. ड्युरांटाची छाटणी थांबली की जांभळी फुले येतात आणि मागोमाग पिवळ्याधमक फळांचे घोस. ती फळे विषारी असतात. ही रोपे लागणार होती मुलांच्या घसरगुंडीशेजारी, आणि एल्म समजून ती कोणी छाटलीही नसती.

आपण बदली म्हणून खरे एल्म देऊ केले आहे. तेही नको. व्रेडेई हे जर्मनीत पोट्सडॅमजवळ १८७५ साली सापडलेले वाण. हिवाळ्यात पाने गाळून ते झोपते, आणि थंडीचे तेवढे आठवडे मिळाले नाहीत तर वसंतात कळ्या धड फुटत नाहीत. नवी मुंबईत जानेवारीच्या पहाटेही पारा १५-१६ अंशांच्या आसपास असतो. पुढे एप्रिल-मेच्या उन्हात सोनेरी पानांच्या कडा करपतात, कारण त्यांत हरितद्रव्यच कमी. सावलीत हलवावे तर पान हिरवे पडते, म्हणजे ज्यासाठी घेतले तेच गेले. त्यातून वाचले तर पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजायची भीती. ‘वावळ वृक्ष एल्मचाच भाऊबंद, तो इथे वाढतोच की’ हे आपले उत्तर पटण्यासारखे नाही. कूळ एक असले तरी वावळ आपल्या हवेतला, आणि छोट्या बागेत न मावणारा.

पूर्ण ५,८०० रुपये परत करावेत, रोपे स्वखर्चाने न्यावीत आणि ‘मुंबई-ठाण्यासाठी योग्य, बारमाही सोनेरी’ हे वर्णन काढावे. पानगळीचे झाड बारमाही सोनेरी त्याच्या मूळ देशातही नसते.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तोवर चारही रोपे पिशवीसकट ठेवली आहेत, पाणी घालतो आहोत.

आपले,
बाग समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नेरुळ, नवी मुंबई

सोबत: बिलाची प्रत, पाने व खोडाचे फोटो