खेडनंतरचे धनाजी जाधव

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संताजी-धनाजी ही नावे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. परंतु व्याख्यानांतून सेनापती धनाजी जाधवांची कारकीर्द बहुधा औरंगजेबाच्या मृत्यूपाशीच संपवली जाते, याची मला खंत वाटते. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय त्यानंतरचा आहे.

१७०७ मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले, तेव्हा सात वर्षे राज्य सांभाळणाऱ्या महाराणी ताराबाईंनी त्यांचा हक्क अमान्य केला. बुडालेले राज्य आपल्या पतीने, राजाराम महाराजांनी, आणि आपण झुंजून राखले, ही त्यांची भूमिका मुळीच पोकळ नव्हती. येणारे शाहू तोतया आहेत, असेही सांगितले गेले. त्यांना अडवण्यास धनाजी आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांची रवानगी झाली. पण चिटणीस खंडो बल्लाळांच्या मध्यस्थीने शाहू खरे असल्याची खात्री पटल्यावर ऑक्टोबरमध्ये भीमाकाठच्या खेडला धनाजी त्यांना मिळाले, प्रतिनिधींना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यातच शाहूंचा राज्याभिषेक झाला.

याला सरसकट फितुरी म्हणणे अन्यायाचे आहे. शाहू सुटून आल्यास राज्य त्यांचे, हे राजाराम महाराजांनी हयातीतच पत्रातून मान्य केले होते. शिवाय मोगलांशी झुंजलेले मराठी सैन्य आपापसांत कापले गेले असते, तर त्यात फायदा कोणाचा होता? अर्थात नव्या राजवटीतही सेनापतिपद धनाजींकडेच राहिले, ही गोष्ट लपवू नये, तसेच संताजींशी त्यांचे विकोपाला गेलेले वैरही गाळू नये.

ताराबाईंविषयी आम्हा कोल्हापूरकरांना असलेला आदर योग्यच आहे. पण म्हणून त्यांची बाजू सोडणाऱ्या सेनापतीविषयी गप्प बसण्याचे कारण नाही. १७०८ मध्येच धनाजींचा वारणेच्या खोऱ्यात वडगाव येथे मृत्यू झाला आणि अवघ्या तीन वर्षांत त्यांचे पुत्र, सेनापती चंद्रसेन, शाहूंना सोडून ताराबाईंच्या पक्षाला आले. त्या काळी निष्ठा किती ओढाताणीत सापडल्या होत्या, हे एकाच घराण्यात दिसते.

पेठ वडगावची समाधी कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. शाळांनी पन्हाळ्याच्या सहलीला हे ठिकाण जोडावे आणि तेथे विद्यार्थ्यांना लढायांबरोबर खेडचा निर्णयही, दोन्ही बाजूंच्या कारणांसह, सांगावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर