टॅटू वर्गात शिकवा, पण मशीन वर्गात देऊ नका

प्रति,
माननीय मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : टॅटूकामाचे शिक्षण आयटीआयच्या वर्गात असावे की स्टुडिओत वस्तादाच्या हाताखाली

महोदय,

वडापावची गाडी लावायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. माणसाच्या कातडीत सुई घालून शाई भरण्याचे दुकान काढायला मात्र तसले काही लागत नाही. कामगार थोडे असले की २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ऑनलाइन सूचना दिली, संपले. साडीच्या दुकानालाही तेवढेच लागते. मशीन, शाई, सुया कुरिअरने घरी येतात. कोणी दोन आठवडे व्हिडिओ बघून मित्राच्या दंडावर महादेव काढायला बसला, तर त्याला विचारणारे कुणी नाही.

मी कोल्हापुरात टॅटू स्टुडिओ चालवतो आणि शिकायला आलेली मुले हाताखाली घेतो. आमच्या धंद्यात एक वाद कायम धुमसत असतो. हे काम आयटीआयसारख्या वर्गात शिकवावे, की पूर्वीपासून चालत आले तसे वस्तादाच्या हाताखालीच शिकावे? एक गट म्हणतो, सरकारी अभ्यासक्रम आला की प्रमाणपत्र मिळेल, बँक मुद्रा कर्जाला नाही म्हणणार नाही, आणि लग्नाच्या बोलणीत 'मुलगा करतो काय?' असे विचारल्यावर सांगायला काहीतरी असेल. दुसरा गट म्हणतो, फळ्यावर शिकून कुणाचा हात बसला आहे का? दोन्ही गटांचे खिसे यात गुंतले आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्यांत स्वतःची अ‍ॅकॅडमी काढून हजारोंची, काही ठिकाणी लाखाच्या घरातली फी घेणारे आहेत. त्यांना तुमचा शिक्का हवा आहे. दुसऱ्यांना फुकटात झाडलोट करणारी पोरे हवी आहेत. मी दुसऱ्या गटातला. ते ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आधी वर्गाबद्दल. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात टॅटूचा परवाना हवा असेल तर परवानाधारक शाळेत शिकावे लागते. किमान ३६० तास, त्यांतले २१० तास पुस्तकी आणि १५० तास प्रात्यक्षिक, शिवाय ५० पूर्ण टॅटू. हा हिशेब आपल्याकडे लावून बघा. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीची एक तुकडी २४ जणांची असते. टॅटूचीही तेवढीच धरली तर प्रत्येकी ५० प्रमाणे १२०० टॅटू होतात, एका आयटीआयत, एका तुकडीमागे. हे बाराशे लोक आणायचे कुठून? केस वाकडे कापले तर महिन्याभरात वाढतात, भुवई बिघडली तर पेन्सिल आहे. इथे बिघडले की बिघडले. लेसरने काढायला मूळ टॅटूच्या कितीतरी पट पैसे आणि बैठका लागतात, आणि तरी खूण राहू शकते. पैसेवाला माणूस आपला दंड नवशिक्याला देणार नाही. 'मोफत टॅटू' असा फलक लागला की येतील ती आजूबाजूच्या वस्तीतली पोरे, बाजार समितीतले हमाल, वसतिगृहातली मुले. सरकारी खर्चाने त्यांच्या अंगावर सराव करण्याची योजना निघाली तर तिला माझा विरोध राहील.

यावर सांगितले जाते की सिलिकॉनची नकली कातडी मिळते. मिळते, आणि सरळ रेघ मारायला शिकण्यापुरती ती चांगलीही आहे. कुणी डुकराच्या कातड्यावर सराव करतो, कुणी केळ्यावर. पण नकली कातडीला घाम येत नाही. ती दचकत नाही, सुजत नाही, 'झालं का?' म्हणत हात मागे ओढत नाही. शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटरवर बसावी लागते. वर राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. खाली गेली तर पसरते, रेघेभोवती निळसर धूर उठल्यासारखा दिसतो. आम्ही त्याला ब्लोआउट म्हणतो. आणि ही खोली सगळीकडे सारखी नसते. मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी वेगळी, बरगडीवरची वेगळी, विशीतल्या पोराची वेगळी आणि साठीतल्या बाईची तर फारच वेगळी. हे बोटांना कळावे लागते, आणि मशीन धरलेल्या हातापेक्षा कातडी ताणून धरणाऱ्या दुसऱ्या हाताला ते आधी कळते. सामोआ बेटांवर टॅटूची फार जुनी परंपरा आहे. तिथे मुख्य कारागिराच्या शेजारी मदतनीस बसतात, त्यांचे काम कातडी ताणून धरणे आणि रक्त पुसणे. शिकणाऱ्याची सुरुवात तिथूनच होते.

परीक्षेची अडचण तर याहून मोठी आहे, आणि मंत्रालयात बसून ती लक्षात येणे अवघड आहे. नुकताच काढलेला टॅटू सगळ्यांचाच चांगला दिसतो. काळा गडद, कडा धारदार, वर व्हॅसलीनची चमक. खरे काय ते चार ते सहा आठवड्यांनी दिसते: खपली पडल्यावर, शाई बसल्यावर. तेव्हा कळते रेघ कुठे तुटली, कुठे जाड झाली, कुठे शेडिंग उडाले. मग बाहेरचा परीक्षक सकाळी येऊन प्रात्यक्षिक बघणार, दुपारी गुण देणार आणि संध्याकाळच्या गाडीने जाणार, तर त्याने तपासले काय? मी मुलांच्या इन्स्टाग्रामवर ताज्या कामाचे फोटो बघतच नाही. जखम भरून आलेल्या कामाचे फोटो दाखव म्हटले की निम्मे गप्प होतात.

हाताखाली शिकण्यात नेमके हेच सांभाळले जाते. गिऱ्हाईक माझ्याकडे आलेले असते, पैसे मला दिलेले असतात, बिघडले तर भांडायला माझ्याकडेच येणार असते. नवा मुलगा आधी टेबल लावायला आणि आवरायला शिकतो. आमच्या तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत, हौद्यातली माती खणायला लावतात, तसेच हे. मग स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवायची नक्षी. त्यात देवनागरी अक्षरे असतील तर ऱ्हस्व-दीर्घ तपासणे, कारण 'आशीर्वाद' चुकला तर तो जन्मभर चुकतो. मग स्वतःच्या मांडीवर दोन-चार टॅटू. मग मी मारलेल्या रेघांच्या आत काळा भरणे, मी शेजारी बसलेला असताना. हात जड पडतोय असे दिसले की त्याच क्षणी मी मशीन काढून घेतो. पुढे लाइनिंग, सर्वांत शेवटी चेहरे. आमच्याकडे महाराजांचा चेहरा मागणारे इतके येतात की घाई प्रत्येकालाच असते, पण तो चेहरा नवशिक्याला देणे म्हणजे दोघांच्या अंगावर संकट ओढवून घेणे आहे.

इथपर्यंत वाचून आमच्या गटातले लोक टाळ्या वाजवतील. पुढचे त्यांना आवडणार नाही.

वस्तादाला जे येते ते तो शिकवतो, आणि जे चुकीचे येते तेही तितक्याच निष्ठेने शिकवतो. 'सुई डेटॉलमध्ये बुडवली की झाले' हे वाक्य या धंद्यात पिढीजात आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसणाऱ्या टेबलावरसुद्धा. त्यावर लस आहे, तिचे तीन डोस असतात. हिपॅटायटिस सी वर लसच नाही. रोज दुसऱ्याच्या रक्ताशी काम करणाऱ्या किती वस्तादांनी स्वतः ती लस घेतली आहे आणि शिकाऊ मुलांना दिली आहे? ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या, पाकिटावरची पट्टी रंग बदलते त्यावरून पाकीट तापले एवढेच कळते. आतले जंतू मेले की नाही हे बघायला स्पोर टेस्ट लागते, हे कोण सांगणार? युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले आणि निळा १५:३ व हिरवा ७ ही दोन रंगद्रव्ये पुढच्या वर्षीपासून बंद केली. आपल्याकडे बाटलीवरचे लेबल वाचायची सवय नाही, कित्येक बाटल्यांवर लेबल नसतेच. हे सगळे फळ्यावर शिकवण्याचे विषय आहेत, आणि ते शिकवायला टॅटूवाला नको. नर्स हवी, त्वचारोगतज्ज्ञ हवा.

वापरलेल्या सुयांचेही असेच. दवाखान्यातली सुई पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात जाते, कारण २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम तसे सांगतात. त्या नियमांच्या व्याख्येत निदान, उपचार, लसीकरण, संशोधन असे शब्द आहेत. टॅटू यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून कित्येक स्टुडिओंची रक्त लागलेली सुई घंटागाडीत जाते आणि ती शेवटी सफाई कामगाराच्या हातात टोचते. हा विषय आपल्या खात्याचा नाही, पर्यावरण आणि आरोग्य खात्यांचा आहे, पण अभ्यासक्रम ठरवताना तो टाळता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आमच्यात कुणी मोकळेपणी बोलत नाही. वर्ष-दीड वर्ष मुले विनावेतन काम करतात, काही जण तर वर फी देतात. कागद कसलाच नसतो. आता मुली मोठ्या संख्येने या कामात येत आहेत. छोटे दुकान, बंद दार, एक वस्ताद आणि एक शिकाऊ मुलगी. कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शिकाऊ उमेदवारही कर्मचारीच धरला आहे, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या जागेसाठी जिल्ह्यात स्थानिक समितीकडे जाता येते. पण आपण तिथे शिकाऊ होतो हे ती मुलगी दाखवणार कशावरून? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'उद्या लवकर ये' या निरोपावरून?

म्हणून माझे म्हणणे असे की काम दोन भागांत तोडावे. रक्त, जंतू, कातडी, शाई, कचरा आणि कायदा हे वर्गात, सक्तीने, परीक्षेसह. मशीन मात्र स्टुडिओत, लेखी करारावर. ही काही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नाही. शिकाऊ उमेदवारीच्या योजनेतच आधी पायाभूत प्रशिक्षण आणि मग प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण अशी विभागणी आहे. विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिना १५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलते. अडते कुठे, तर माणसांच्या संख्येवर. तीस किंवा त्याहून जास्त माणसे असतील तर शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक, आणि चारांहून कमी असतील तर दार बंद. टॅटू स्टुडिओत माणसे असतात दोन, फार तर तीन. ज्या धंद्यात सगळे शिक्षण हाताखाली चालते, तोच धंदा शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या बाहेर राहतो. एका शहरातल्या पाच-सहा स्टुडिओंना मिळून एक नोंदणी करता यावी, यासाठी आपण केंद्राकडे आग्रह धरावा, ही माझी मुख्य मागणी आहे.

प्रमाणपत्रही दोन असावीत. वर्गातले संपले की स्वच्छता व सुरक्षिततेचे. ते भिंतीवर लावल्याशिवाय कुणालाही, मलासुद्धा, दुकान उघडता येऊ नये. 'टॅटू आर्टिस्ट' हे शब्द मात्र त्यावर नकोत. ते दुसऱ्या प्रमाणपत्रावर, करार पूर्ण झाल्यावर, आणि तेही प्रत्येक कामाचे ताजे व सहा आठवड्यांनंतरचे असे दोन्ही फोटो असलेली वही बघूनच द्यावे. कॉस्मेटॉलॉजीच्या अभ्यासक्रमाला तीन महिन्यांचे शेपूट जोडून 'आर्टिस्ट' तयार करायचे असतील, तर त्यापेक्षा आज आहे ते बरे.

दक्षिण कोरियाकडे बघण्यासारखे आहे. तिथे १९९२ च्या न्यायालयीन निकालापासून टॅटू काढणे हे वैद्यकीय कृत्य धरले गेले, म्हणजे डॉक्टर सोडून बाकी सगळे टॅटूवाले बेकायदा. काम थांबले नाही, ते फक्त लपून होऊ लागले. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या संसदेने परवाना आणि स्वच्छतेचे प्रशिक्षण यांचा कायदा केला. नियम इतके कडक करू नयेत की लोक दार लावून काम करतील.

हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर जत्रेत बसणाऱ्या गोंदणाऱ्या बायका आहेत. तुळशीवृंदावन, विंचू, पाळणा, कपाळावरचा ठिपका. हे त्या सासूकडून, आईकडून शिकल्या. त्यांना ना स्टुडिओ आहे ना दहावीची गुणपत्रिका. उद्या वर्गाची सक्ती आली आणि प्रवेशाला दहावीची अट घातली, तर पहिला दंड त्यांना होईल आणि त्यांच्या नक्ष्या शहरातले स्टुडिओ 'ट्रायबल कलेक्शन' म्हणून विकतील. एकच सुई दिवसभर सगळ्यांना वापरली जाते ती जत्रेतच, हेही खरे. पण त्यावर उपाय जागेवर जाऊन करावा लागेल: त्यांच्या बोलीत दोन दिवसांचे प्रशिक्षण, हातातल्या कौशल्याला पूर्वज्ञान म्हणून मान्यता, आणि एकदाच वापरायच्या सुया यात्रा समितीकडून किंवा आरोग्य केंद्रातून स्वस्तात. अक्षरओळख नसली तरी तोंडी परीक्षा घेता येते.

अभ्यासक्रम कुणी लिहायचा ते आपण ठरवालच. रतन टाटा कौशल्य विद्यापीठ आहे, व्यवसाय शिक्षण मंडळ आहे. समितीत दोन टॅटूवाले घेतले तर त्यांत किमान एक हाताखाली शिकलेली बाई असावी, आणि अ‍ॅकॅडमीवाले एकाहून जास्त नसावेत. सुरुवात करायला शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. कोल्हापूरच्या आयटीआयत आठवड्याला एक दुपार एक खोली आणि सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयातून एक नर्स मिळाली, तर स्वच्छतेची पहिली तुकडी जमवण्याचे काम मी घेतो. सोमवारी आमची बहुतेक दुकाने बंद असतात, तो वार सोयीचा पडेल. पहिल्या बाकावर शिकाऊंना बसवण्याऐवजी वस्तादांना बसवावे, एवढीच अट.

आपला,
एक टॅटू स्टुडिओ चालक,
कोल्हापूर

प्रत माहितीसाठी : मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य